कौतुकच केलं होतं, मग पोर बोलेना का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा. बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालो. गेली सहा वर्षं इथल्या एका दैनिकात दर मंगळवारी खेळावर सदर लिहितो. मागच्या महिन्यात शहरात रस्त्यावरची दौड झाली, तिच्यावर लिहिलं. मुलींमध्ये पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची पोर पहिली आली. वसतिगृहात राहून ती आमच्याच शाळेत शिकली, तिला ग्राउंडवर पहिल्यांदा मीच आणलं. मी लिहिलं, ‘जंगलात वाढलेल्या लेकीला पळायला काय शिकवायचं? हरिणीला कुणी शिकवतं का?’ पुरुषांत केनियाचे दोघं पुढे होते. त्यांच्याविषयी लिहिलं, ‘काळे घोडे सुसाट सुटले आणि आपली पोरं टापांची धूळ खात राहिली.’ कौतुकच की हो! पण त्या दिवसापासून पोरीनं माझा फोन उचलणं बंद केलं. तिच्या भावानं व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘सर, आम्ही जनावरं आहोत का?’ मग एक-दोन निवेदनं संपादकांकडे गेली. संपादक म्हणतात, ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ अशी चौकट टाकू आणि विषय संपवू. कुणी ॲट्रॉसिटीची भीती घालतं. कुणी म्हणतं, अजिबात माफी मागू नका, हल्ली लोकांना काहीही लागतं. माझ्या मनात पाप नव्हतं, ताई. त्या पोरीला मी स्वतःच्या खिशातून बूट घेऊन दिलेत. काय करू? कात्रण सोबत जोडलंय.

— एक क्रीडाशिक्षक, नाशिक

सर, नमस्कार.

कात्रण तीनदा वाचलं. तुमच्या मनात पाप नव्हतं हे मी धरूनच चालते. पत्रात तुम्ही दोन वाक्यं दिलीत. कात्रणात तिसरं एक आहे, ते तुम्ही पत्रात घेतलंच नाही, बहुतेक तुम्हाला ते खटकलंच नाही म्हणून. पुरुषांत तिसरा आला तो कॉलेज रोडचा इंजिनिअरिंगचा मुलगा. त्याच्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘सुरुवातीचे पाच किलोमीटर स्वतःला आवरून, वेगाचं गणित मांडून त्यानं डोक्यानं शर्यत काढली.’ उत्तम वाक्य आहे. धावण्यावर असंच लिहावं. आता तिन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. तुमच्या सदरात धावपटू चार. एकाला डोकं मिळालं, तिघांना खूर.

भावाच्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. हरीण ही काही शिवी नाही. आपल्याकडे लेकीबाळींना हरिणी म्हणतातच, ‘घोड्यासारखा पळतो’ असंही सर्रास म्हणतात. चौघांनाही तुम्ही जनावरांच्या उपमा दिल्या असत्या, तर फार तर भाषा शिळी म्हणून मी नाक मुरडलं असतं. पण तुमच्या उपमा वाटल्या कशा गेल्या ते बघा. शहरातला मुलगा विचार करून जिंकतो. पाड्यावरची मुलगी आणि केनियाची मुलं विचार न करता जिंकतात, कारण त्यांना तसंच घडवलंय म्हणे. हे तुम्ही ठरवून केलं नाहीत. ठरवून कुणीच करत नाही, म्हणूनच ते इतकं पसरलंय. २०२० साली रनरिपीट नावाच्या डेन्मार्कमधल्या संस्थेनं युरोपातल्या चार फुटबॉल लीगच्या ऐंशी सामन्यांचं समालोचन तपासलं, दोन हजारांवर वाक्यं मोजली. गोऱ्या खेळाडूंची हुशारी, मेहनत, खेळाची जाण यांचं कौतुक जास्त झालेलं निघालं. काळ्या खेळाडूंच्या वाट्याला ताकद आणि वेग. त्या समालोचकांपैकी कुणीही स्वतःला वंशद्वेष्टा म्हणवून घेतलं नसतं. तुम्हीही नाही.

आपल्याकडे हे आत्ताचं नाही. दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळूंचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच; क्रीडाशिक्षकाला नसेल तर कुणाला असणार. १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात या माणसानं शंभरावर बळी घेतले. पुण्यात त्यांचा चेंडू सोबतच्या खेळाडूंना चालायचा, पण चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. तेव्हा मुंबईच्या स्पर्धेत धर्मवार संघ असत; त्यातल्या हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. हात चालतो तर गोलंदाजी करा, डोक्याचं काम आमच्याकडे राहू द्या. १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला, तेव्हा त्या मांडणीतली हवा जरा गेली. जरा म्हणते मी. शंभर वर्षांनी आपल्या मंगळवारच्या सदरात ती परत आलीच की.

हे सगळं तुम्हाला सोवळ्यातून सांगत नाहीये. माझंही एक पान आहे, ते आधी दाखवते.

२००७ च्या ऑक्टोबरात मी एका दैनिकाच्या क्रीडा पानावर रात्रपाळीला होते. ऑस्ट्रेलियाचा संघ आला होता. आधी वडोदऱ्याला आणि मग वानखेडेवर प्रेक्षकांतल्या काहींनी त्या संघातल्या, वेस्ट इंडियन वंशाच्या अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज काढले, हावभाव केले. बातमी हातात आली तेव्हा पान सोडायला वीस मिनिटं उरली होती. मी मथळा दिला, ‘वानखेडेवर माकडचेष्टा’. अस्सल मराठी शब्द, प्रेक्षकांना टोला, वर कोटीही साधली. स्वतःवर बेहद्द खूश होते मी. आमच्याकडे एक वयस्कर मुद्रितशोधक होते. त्यांनी प्रुफावर त्या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. मी विचारलं, ‘काका, शुद्धलेखन चुकलंय का?’ ते म्हणाले, ‘शुद्धलेखन बरोबर आहे.’ एवढंच. मी पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसखालच्या टपरीवर एकानं तो मथळा मोठ्यानं वाचला, सायमंड्सच्या फोटोवर बोट ठेवलं आणि सगळे हसले. प्रेक्षकांना कुणी हसलं नाही. माझी कोटी जिथं पडायला हवी होती तिथं न पडता नेमकी त्या माणसावर पडली, ज्याच्यावर मैदानातही तेच पडलं होतं. पेन्सिलीच्या त्या गोलाचा अर्थ मला चहा संपेपर्यंत कळला. पण छापलेलं पान परत कसं घेणार?

त्यानंतर सिडनीचं प्रकरण झालं, जानेवारी २००८. सायमंड्सला माकड म्हटल्याचा हरभजनवरचा वंशद्वेषाचा आरोप अपिलात टिकला नाही, तो विषय वेगळा. पण त्या दिवसांत आपल्याकडे एक युक्तिवाद फार चालला. आम्ही मारुतीला शेंदूर लावणारी माणसं, माकड म्हटलं तर त्यात अपमान कसला? नाशिककराला तर हे म्हणणं आणखी सोपं. मारुतीचं जन्मस्थान मानतात ती अंजनेरी त्र्यंबकच्या रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर. मीही हे चारचौघांत म्हटलंय. पण वानखेडेवरच्या त्या लोकांनी सायमंड्सपुढे नारळ फोडला नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं. शब्द आपल्या देव्हाऱ्यात काय आहे याला तिथं किंमत नसते. तो कुणाकडे बघून, कुठल्या तोंडानं उच्चारला, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

माझ्या त्या मथळ्यासारखंच २०१२ मध्ये अमेरिकेत झालं. बास्केटबॉलपटू जेरेमी लिनचे आईवडील तैवानहून आलेले. त्याचा संघ हरला तेव्हा ईएसपीएनच्या मोबाइल साइटवर एका मथळ्यात ‘चिलखतातली फट’ अशा अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार आला. त्यातला फट या अर्थाचा शब्द चिनी माणसाला हिणवायलाही वापरतात. मथळा देणाऱ्याची नोकरी गेली. तो म्हणाला, माझ्या डोक्यातही आलं नाही. मला ते खरं वाटतं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पुढे लिन त्याला भेटला, दोघं एकत्र जेवले. नोकरी मात्र परत मिळाली नाही, आणि मिळायला हवी होती का, यावर माझं मत अजून ठरत नाही.

आता बुटांबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त अडलेलं वाक्य तेच आहे. इंग्लंडमध्ये रॉन ॲटकिन्सन नावाचे फुटबॉल प्रशिक्षक होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघात सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन या तीन काळ्या खेळाडूंना एकत्र खेळवलं. तेव्हा तिथल्या स्टेडियममध्ये काळ्या खेळाडूंवर केळी फेकली जायची. म्हणजे या माणसाचं काम तुमच्या-माझ्यापेक्षा मोठं. पुढे ते टीव्हीवर समालोचक झाले, वर्तमानपत्रात लिहू लागले. एप्रिल २००४ मध्ये माइक बंद आहे असं समजून मार्सेल देसाई या फ्रान्सच्या काळ्या खेळाडूबद्दल ते असं काही बोलले की इथं छापवत नाही. मध्यपूर्वेतल्या काही देशांत माइक चालूच होता. टीव्हीचं काम त्यांनी सोडलं, वर्तमानपत्रातला स्तंभही गेला. लोक म्हणाले, अहो, पण त्यांनी त्या तिघांना संधी दिली होती. दिलीच होती. त्या तिघांच्या गुणांची जमा ॲटकिन्सनच्या खात्यावर टाकून देसाईच्या वेळी वापरता येत नाही. तुमच्या बुटांचंही तसंच आहे, सर. बूट दिलेत, फार चांगलं केलंत. बुटांची पावती माफीनाम्याला जोडू नका. पोरीशी बोलताना तर बुटांचं नावसुद्धा काढू नका.

आता ‘हे जन्मजातच असतं’ या समजाकडे येते. अमेरिकेत जिमी स्नायडर नावाचे सीबीएस वाहिनीचे प्रसिद्ध क्रीडाभाष्यकार होते. जानेवारी १९८८ मध्ये त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं की काळे खेळाडू सरस असतात, कारण गुलामगिरीच्या काळात मालकांनी त्यांची तशी पैदास केली. आपण कौतुक करतोय अशीच त्यांची समजूत होती. दुसऱ्याच दिवशी सीबीएसनं त्यांना काढलं. तुम्ही एवढं भयंकर काही लिहिलं नाही, उगाच तुलना करत नाही. पण दोन्ही वाक्यांचं काम एकच. खेळाडूनं केलेलं सगळं त्याच्या हातून काढून घ्यायचं आणि ते रक्ताला, रानाला, बापजाद्यांना देऊन टाकायचं.

तुम्ही म्हणाल, शास्त्रीय कारणंही असतात ना? असतात. उंचीवर राहिलं, सराव केला की रक्तात फरक पडतो, हे खरं. मग तसं लिहा. केनियातलं इटेन गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर आहे, हे लिहा. त्या गावच्या सेंट पॅट्रिक शाळेत कोल्म ओ’कॉनेल नावाचे आयरिश ब्रदर १९७६ साली आले आणि त्यांनी पोरांना धावायला शिकवत उभं आयुष्य काढलं, आठशे मीटरचा ऑलिंपिक विजेता डेव्हिड रुडिशा त्यांच्याच हाताखालचा, हे लिहा. पी.टी.च्या सरांनी दुसऱ्या एका पी.टी.च्या सरांबद्दल लिहायचं सोडून घोड्यांबद्दल का लिहावं? ‘काळे’ या शब्दानं उंची कळत नाही, सराव कळत नाही, शाळा कळत नाही. नायजेरियाही काळा आहे, तिथून मॅरेथॉनवाल्यांची रांग लागलेली नाही. आणि १९२० ते १९२८ या काळात ऑलिंपिकमध्ये मध्यम आणि लांब पल्ल्याची नऊ सुवर्णं जिंकणारा पावो नुर्मी फिनलंडचा, गोरापान. तेव्हाही लोकांनी फिनिश रक्तात कारणं शोधलीच. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बास्केटबॉलमध्ये ज्यू पोरं पुढे होती, तर तिथल्या क्रीडालेखकांनी त्याचं कारण ज्यूंच्या स्वभावात शोधलं. जो जिंकतो त्याच्या रक्ताची गोष्ट नंतर रचली जाते. अशा गोष्टीला सकाळी उठून मैदानावर जावं लागत नाही, म्हणून ती लिहायला सोपी.

मी एकदा गेले होते. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, गंगापूर रोडच्या एका मैदानावर, पहाटे पावणेसहाला. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको. सात-आठ मुली होत्या, निम्म्या सुरगाणा-पेठ-हरसूलकडच्या. बूट प्लास्टिकच्या पिशवीत, दवानं भिजू नयेत म्हणून. वॉर्मअप झाल्यावर चारशे मीटरचे बारा रिपिटेशन, प्रत्येक दोहोंत नव्वद सेकंद विश्रांती. कोच घड्याळ घेऊन उभे. सत्याहत्तर, सत्याहत्तर, शहात्तर, सत्याहत्तर. आठव्याला त्र्याहत्तर आले, तर एक पोर स्वतःच म्हणाली, ‘सर, हा वाया गेला. शेवटच्या दोनला पाय राहणार नाहीत.’ आणि खरंच बाराव्याला ऐंशी आले. मी नुसती बघत राहिले. घड्याळ तिच्या हातात नव्हतं, ते तिच्या अंगात मोजलं जात होतं, आणि ते मोजणं शिकायला तिला चार वर्षं लागली होती. सराव संपल्यावर तिनं पिशवीतून शंभर पानी वही काढली. तारीख, बारा आकडे, रात्री किती वाजता झोपली, आणि शेवटी दोन शब्द, ‘डावी पोटरी’. मग डबा उघडला. नागलीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मला अर्धी दिली.

मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत धावलेला केनियाचा एलिउड किपचोगेही वर्षानुवर्षं अशीच सरावाची वही लिहितो. पेठची मुलगी आणि किपचोगे यांच्यात साम्य शोधायचंच असेल तर वहीत शोधा, रानात कशाला जाता?

आणि तुमची ती पोर. तिची वही तुम्ही पाहिली असणार, कदाचित पहिली वही तुम्हीच आणून दिली असेल. ‘हरिणीला कुणी शिकवतं का’ या वाक्यानं तुम्ही तिची वही पुसलीत, आणि सोबत स्वतःची बत्तीस वर्षंही. तिला शिकवायची गरज नव्हती म्हणता, तर मग तुम्ही ग्राउंडवर काय करत होता, सर?

एक उगाच आठवलं म्हणून. कविता राऊतला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणतात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, या दोन पदकांनी ते नाव देशभर गेलं. किती छान नाव आहे बघा. गाव आहे त्यात, वेग आहे, जनावर नाही. आणि एक्स्प्रेस वेळापत्रकानं धावते.

तुम्ही विचाराल, मग पाड्याचं, जातीचं, रंगाचं नावच घ्यायचं नाही का? घ्यायचं. जिथं तीच बातमी आहे तिथं गिळायचं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत आपला महिला हॉकी संघ उपांत्य फेरीत हरला आणि वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फुटले, जातीवरून शिवीगाळ झाली. तिथं जात न लिहिणारा क्रीडालेखक पळपुटा. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत सिराजनं पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढलं. तिथं ‘प्रेक्षकांचा गोंधळ’ एवढंच लिहून भागत नाही. तुमच्या मुलीबाबतही पाडा लिहा की. तिथून हायवेपर्यंत एसटी किती वाजता येते, सुट्टीत घरी गेली की सरावाचं काय होतं, डांबरी रस्ता नसताना लाँग रन कुठं करते, हे सगळं पाड्याचंच आहे. ते लिहिलंत तर ती पळते कशी हे वाचकाला कळेल.

‘काळ्या’, ‘काळू’ आम्ही प्रेमानं म्हणतो, हेही कुणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीला आयपीएलच्या ड्रेसिंग रूममध्ये ‘काळू’ म्हणायचे. शब्दाचा अर्थ त्याला २०२० मध्ये समजला, तेव्हा त्यानं जाहीरपणे सांगितलं, सगळे हसायचे म्हणून मीही हसायचो; आणि विचारलं, तो शब्द तुम्ही हिणवायला वापरत होता का? प्रेम असतं तर अर्थ आधीच सांगितला असता.

आता कामाचं.

चौकट टाकू देऊ नका. ‘भावना दुखावल्या असल्यास’ यातल्या ‘असल्यास’मध्ये सगळी मेख आहे. दुखावल्या आहेत, तुमच्या फोनवर लेखी आहे. शिवाय ती चौकट संपादकांची असते, चूक तुमची. तुमच्याच सदरात, त्याच जागी, त्याच अक्षरात लिहा. मी लिहिलं असतं तर साधारण असं: ‘अमुक तारखेच्या लेखात मी मुलींच्या गटातल्या विजेतीला हरिणीची आणि केनियाच्या दोन धावपटूंना घोड्यांची उपमा दिली. त्याच लेखात शहरातल्या धावपटूच्या विचारीपणाचं कौतुक केलं. त्या तिघांच्या सरावाबद्दल एक ओळही लिहिली नाही. त्यांचं यश मी त्यांच्या हातून काढून घेतलं. ही चूक माझी आहे, मी त्यांची माफी मागतो.’ एवढंच. ‘तमाम आदिवासी बांधवांची’ वगैरे नको, तुम्ही तीन माणसांबद्दल लिहिलं होतं. हेतूची सफाई नको, वयाचा दाखला नको. संपादकांनी कात्री लावली तर भांडा. शेवटी तो मजकूर त्यांच्याही डोळ्यांखालून गेला होता आणि तिथं कुणी पेन्सिलीचा गोल काढला नाही. हे त्यांना सांगायला हरकत नाही, छापून नको.

कायद्याचं वकिलाला विचारा, मी वकील नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात जाहीर ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान हा मुद्दा येतो, तो तुमच्या वाक्याला लागतो का हे त्यांनी सांगावं. प्रेस कौन्सिलकडे कुणी गेलं तर कौन्सिल ताशेरे ओढू शकते, शिक्षा देऊ शकत नाही. पण माफी वकिलाकडून लिहून घेऊ नका. भीतीनं लिहिलेली माफी वाचणाऱ्याला दोन ओळींत कळते.

छापण्याआधी मात्र एक काम. पोरीला फोन करू नका. ती उचलत नाही हेच तिचं उत्तर आहे, ते मान्य करा. भावाला लिहा. त्यानं तुम्हाला प्रश्न विचारलाय, महिना होत आला, आणि तुमच्या पत्रात कुठंही दिसत नाही की तुम्ही त्याला उत्तर दिलंत. निळ्या खुणा तर त्याला दिसल्याच असतील. एवढा संतापूनही त्यानं सुरुवात ‘सर’नं केलीय, ते बघा. त्याला सरळ लिहा: नाही, माझं चुकलं, मी काय लिहिलं ते मला आता दिसतंय, अमुक मंगळवारी मी तसं छापतोय, ताईला वाटलं तर तिला सांग. पुढे गप्प बसा. शाल-श्रीफळ घेऊन पाड्यावर जाऊ नका, फोटोग्राफर घेऊन तर मुळीच नाही. ती बोलेलच असं नाही. न बोलण्याचा तिला हक्क आहे, आणि तुमचं सदर त्यावर अवलंबून नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मैदानावर जा आणि जे दिसेल ते लिहा. तिच्याबद्दल नको, तिनं परवानगी दिल्याशिवाय. दुसरी खूप पोरं आहेत.

राहिले केनियाचे दोघं. अख्ख्या कात्रणात त्यांची नावं नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची नावं नसलेला शर्यतीचा वृत्तांत मी तरी पहिल्यांदाच वाचला. तिसऱ्याचं नाव आहे, कॉलेजसुद्धा आहे. आयोजकांकडे निकालाची यादी असेल. छातीवर लावलेल्या बिब नंबरवरून दोन्ही नावं काढा. आफ्रिकेतून इकडे शिकायला आलेली बरीच मुलं अशा दौडींत उतरतात, तेव्हा नोंदणीच्या फॉर्मवर फोन नंबरही सापडेल. आयोजकांमार्फत निरोप पाठवा, आणि नाव मराठीत कसं लिहायचं ते त्यांच्याकडूनच उच्चारून घ्या. ती नावं आपण हमखास चुकवतो.